एका अंगठ्याची टिटवी

मुकुंदवाडीत त्या दुष्काळी उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत माणसं नव्हे, घागरी उभ्या असायच्या. नव्या इमारतीतल्या हिमांशूला हे कुठलं ठाऊक! त्यानं प्रेरणाची घागर खुशाल बाजूला सारली अन् आपला कॅन ठेवून मोकळा झाला.

“ओ साहेब! घागर नाय ती, मी हाय तिथं!”

“सॉरी... मला वाटलं—” बिचारा असा गोरामोरा झाला, की तिला हसूच फुटलं.

पुढं तर टँकर उशिरा यावा, असंच तिला वाटू लागलं. ती देवगाव रंगारीची, चितेगावच्या कारखान्यात कामाला. अन् हा चक्क गेम बनवणारा! त्याच्या लॅपटॉपवर एक टिटवी भेगाळलेल्या रानावरून पाणी शोधत उडायची. काय ते रान, काय त्या सावल्या! पोराच्या बोटांत जादू होती बघा.

“पण हे खेळायचं कशावर?”

“कन्सोलवर. टीव्हीला जोडायचं यंत्र. मोठं चित्र, माणूस निवांत बसून खेळतो. पुण्याची कंपनी त्यासाठीच बोलावतेय मला.”

“अन् मोबाईलवर?”

“तिथं लाखो गेम. माझी टिटवी हरवेल गं.”

“आमच्या गल्लीत ते यंत्र कुणाकडंच नाय. मोबाईल मात्र घरोघरी हाय.”

हिमांशू विचारात पडला. आठवड्यानं त्यानं टिटवी तिच्या फोनमध्ये घालून दिली. “जमलं तर इथंच राहीन,” म्हणाला.

प्रेरणानं ती चितेगावच्या बसमध्ये खेळून पाहिली. खोटं बोलली असती तर तो राहिला असता... तिचा जीव तीळ तीळ तुटत होता. तरी तिनं खरं तेच सांगितलं.

“नाय जमलं. बसमध्ये एका हातानं दांडी धरावी लागती. तुमच्या टिटवीला दोन्ही हात लागतात. तुम्ही... जा पुण्याला.”

त्यानंतर तो रांगेत दिसेनासा झाला. गेला वाटतं, असं म्हणून तिनं डोळे पुसले.

अन् एक दिवस बसमध्ये शेजारच्या आवडाबाई दांडीला लटकून एका अंगठ्यानं टिटवी उडवताना दिसल्या! मागं दोघी-तिघी तेच खेळत होत्या. अन् त्यांच्यामागं घामाघूम, हसत, हिमांशू उभा होता.

“पुणं?” तिनं विचारलं.

“नाही म्हणून कळवलं. खेळणारे सगळे इथं आहेत. आणि... तू आहेस. तू आवडतेस मला, प्रेरणा.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कान मात्र लालबुंद झाले होते.

“उद्याही येऊ बसला? गेम कसा चाललाय ते बघायला?”

“उद्या सुट्टी हाय.”

“अरेरे... मग?”

“मग काय? भेटायला आता गेमचं निमित्त कशाला लागतंय?”