अक्काची खळ

शिलाई मशीन आणायचं, एवढंच काम होतं. भाऊजींचा फोन आला, "अक्काचं मशीन पडून गंजतंय, घेऊन जा," आणि चौथ्या दिवशी ठमी आणि तिचा नवरा भाड्याची गाडी घेऊन निघाले. गाडी नवराच चालवत होता आणि वळणावळणाला मोबाईलमधल्या बाईशी हुज्जत घालत होता.

"डावीकडे म्हणते. डावीकडे दरी आहे!"

"मग माझं ऐका, सरळ चला."

"तू तरी कधी आली आहेस इथे?"

तो हसत म्हणाला, पण ठमीला लागलं.

अक्काची एक रीत होती. पाहुणा येणार म्हटलं की कागदाची अक्षरं कातरून ती हिरव्या सफरचंदावर खळीनं चिकटवायची. महिन्या-दीड महिन्यात फळ लाल व्हायचं. कागदाखालची साल तेवढी फिकी राहायची, आणि पाहुण्याला झाडावर आपलं नाव सापडायचं. तीन वर्षं तिनं 'ठमी' लावलं, आणि तिन्ही वर्षं ठमीचं येणं काही ना काही कारणानं राहिलं. शेवटच्या फोनवर अक्का म्हणाली होती, "आता नाही हो तुझं नाव लावणार." गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. ते वाक्य ठमीजवळ राहिलं.

पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते, तरी बागेत धुकं उतरलं होतं. भाऊजी काठी टेकत फाटकाशी आले. गुडघा मोडल्यापासून त्यांना शिडी बंद होती. घरात सफरचंदांचा गोड वास भरून राहिला होता, आणि त्याखाली आणखी एक, शिजवलेल्या पिठाचा.

"भाऊजी, खळ केलीत?"

"मी? मला चहा जमत नाही धड." ते हसले. मग हळूच म्हणाले, "वास मलाही येतो. दुपारचाच येतो... मी विचारत नाही."

नवरा मशीन गाडीत चढवू लागला. ठमी बागेत गेली. तोडणी पुढच्या आठवड्यात होती. फांद्या वाकल्या होत्या, माणूस कुणी नव्हतं. धुक्यात कुठेतरी कात्री चालत होती. कच्... कच्... थांबून पुन्हा कच्. ठमी चालू लागली, तसा आवाज पुढे सरकला. शेवटच्या झाडापाशी तो थांबला. तिथे शिडी लावलेली होती.

ती चढली. वरच्या फांदीला लालभडक सफरचंद होतं, आणि त्यावर फिकट, जरा तिरकी अक्षरं: ठमी. 'ठ'च्या गाठीला अक्काची नेहमीची शेपटी.

भाऊजींचा फोन येऊन चार दिवस झाले होते. नाव उमटायला महिना लागतो.

"अक्का..." ठमी म्हणाली, आणि तिथेच शिडीवर रडली. तीन वर्षांचं रडली. मग अक्कानं फोनवर शिकवलं होतं तसं फळ तळव्यावर उचलून हलकेच फिरवलं. ते देठासकट हातात आलं, कुणी दिल्यासारखं.

"सापडलं?" खालून आवाज आला. भाऊजी काठीवर रेलून वर बघत होते. त्यांना नवल वाटलेलं दिसत नव्हतं. "रागावली तरी नाव लावायची ती. माझं मात्र कधी लावलं नाही. म्हणायची, घरचा माणूस तो, पाहुणा थोडाच?"

ठमी हसली. उतरायला म्हणून तिनं फांदी धरली, तेव्हा पानाआड मागे राहिलेलं एक फळ दिसलं. अजून हिरवंच होतं. त्यावर कागदाची दोनच अक्षरं होती, नुकतीच लावलेली. अक्का जन्मभर नवऱ्याला ज्या हाकेनं बोलवायची, ती हाक.

अहो.

"आणखी कुणाचं आहे का गं वर?"

"नाही, भाऊजी." तिनं पान पुन्हा फळावर ओढलं. "हिरवं फळ लाल व्हायला... किती दिवस?"

"सावलीतलं असेल तर महिना. का?"

"मशीन उतरवायला सांगते यांना. महिनाभर इथेच राहते मी. चहा तरी धड मिळेल तुम्हाला."

"खरंच?" भाऊजींचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

ठमी एकेक पायरी उतरली. पान ओढताना कागदाला लागलेलं बोट तिनं त्यांच्या नकळत ओढणीला पुसलं.

खळ अजून कोमट होती.