मालकाने हटवले

शिंपीणबाई आल्या, पण बसल्या नाहीत. मास्तरांनी खुर्ची पुढे केली, तर तिच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजले होते.

"अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळं संपतं," त्या म्हणाल्या. "त्याआधी मला चोर हवाय."

अक्का खाजगी तपास करायच्या. मास्तर त्यांचे धाकटे भाऊ, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले आणि आता बहिणीची पिशवी धरून फिरणारे. डोकं त्यांचंही चालायचं. फक्त ते चालायचं, अक्कांचं धावायचं.

शिंपीणबाईंनी फोन पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: मालकाने २,८१६ फायली हटवल्या. तीस दिवसांनी त्या कायमच्या पुसल्या जातील. खाली हटवल्याची तारीख, गुरुवार, अकरा दहा. आज तिसावा दिवस.

"मालक कोण?" अक्कांनी विचारलं.

"आमचे हे. आणि त्यांना जाऊन आठ महिने झाले."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"चाळीस वर्षांची कटिंगं, कपडे बेतायचे कागदी नमुने," बाई म्हणाल्या. "कागद पिवळे पडून तुटायला लागले, तेव्हा ह्यांनी एकेकाचा फोटो काढून क्लाउडमध्ये ठेवला. घरचे फोटोही तिथंच. ह्यांनी फोल्डर केला आणि आमचे सगळ्यांचे फोन त्याला जोडून दिले."

"म्हणजे मालकाच्या खात्यातून पुसलं, की सगळ्यांचं जातं."

"हे शहाणपण पुसल्यावर आलं."

"सगळंच गेलं?"

"तिथंच तर मेख आहे! ह्यांच्या शेवटच्या महिन्यातल्या नऊ तारखेपर्यंतचं सगळं गेलं. नंतरचं शाबूत. हे गेले चौदाला. बाराला दवाखान्यात काढलेले फोटो आहेत, नाकात नळ्या घातलेले. ते ठेवले मेल्यानं, आणि हसरे पुसले. हा द्वेष नाही तर काय?"

"कुणावर संशय?"

"सुनेवर. त्या दिवशी कटिंगच्या खोलीत तीच होती. सांगितलं तिला, फोटो परत दे, नाहीतर कात्री खाली ठेव. ठेवली. आज माहेरी निघालीय."

"चला," अक्का म्हणाल्या. चप्पल त्यांनी आधीच घातली होती.

दुकानात पुढे तीन शिलाई मशिनी होत्या, तिन्ही बंद. मागे कटिंगची खोली. लांब टेबल, खडूचे तुकडे, बिनमुंडीचा पुतळा, आणि टेबलाच्या टोकाला चार्जरवर उभा केलेला टॅब. त्यावर मोठ्या आकड्यांत वेळ: ९:५२.

मुलगा दारातच भेटला. ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि जगाला कळत नाही ते आपल्याला कळतं असा त्याचा चेहरा होता.

"फोटो गेले तेव्हा घरात काही भांडण चाललं होतं?" अक्कांनी विचारलं.

"क्लाउड बदलायचं. जुना भरत आला होता. मला ऑफिसात वापरतो तो हवा, कुठल्याही यंत्रावर उघडतो. बहिणीला तिच्या फोनच्या कंपनीचा हवा, आईच्या फोनवर तो धड चालत नाही तरी. बायको म्हणते, ढगात टांगता कशाला, घरात डिस्क ठेवा. त्याच गुरुवारी दुपारी बसून ठरवणार होतो."

"आणि सकाळी अकराला?"

"नवा राउटर बसवत होतो. जुना वीज वरखाली होऊन जळाला, त्यानंतर सगळे आपापल्या फोनच्या नेटवर. नाव आणि पासवर्ड जुनाच दिला, कुणाला परत भरायला नको."

"जळाला कधी?"

"बाबांना दवाखान्यात न्यायच्या आधी. नऊ तारखेला रात्री."

"पुसलेलं कचरापेटीत जातं. बघितली?"

"पहिल्याच दिवशी, चौघांच्या फोनवर. रिकामी. बाबांच्या खात्याची बघायची, तर पासवर्ड टाकला की त्यांच्या नंबरवर कोड जातो. आणि तो नंबर आईनं ते गेले त्याच महिन्यात बंद केला."

"मग? दर महिन्याला बिल कशाला भरायचं होतं? वरून फोन करणार होते का?" बाई कडाडल्या.

लेक मशिनीशी बसून नखं खात होती. ती दुसऱ्या गावी शाळेतली प्रयोगशाळा सांभाळायची. "बाबांचा पासवर्ड मला, दादाला, वहिनीला, तिघांनाही माहीत होता," ती म्हणाली. "मी त्या दिवशी इथं नव्हते, पण लांबूनही पुसता येतं, असं दादा चारचौघांत म्हणाला. माझ्या तोंडावर."

"वडील शेवटी काय करत होते?"

तिनं जरा आठवून सांगितलं, "दहा आणि अकरा तारखेला ते इथंच दार लावून बसले होते. आतून बोलण्याचा आवाज यायचा. आम्हाला वाटलं, कुणाशी फोनवर बोलताहेत."

सून मागच्या दारात पिशवीजवळ उभी होती.

"मी बोलणारच नाही," ती म्हणाली. "बोलले तर तोंड चालतं. गप्प बसले तर चोराच्या मनात चांदणं."

"एवढंच सांग, पोरी. हा टॅब कुणाचा?"

"मामंजींचा. घड्याळ म्हणून उभा केलाय. ते गेल्यापासून चार्जरवरच आहे. नेट नाही त्याला."

"उघडून बघितलास कधी?"

"हात खडूनं भरलेले असतात. वेळ दिसली की पुरे."

आकडे १०:४६ दाखवत होते. बाई खोलीभर येरझारा घालत होत्या. मास्तरांना राहवलं नाही.

"अक्का, राउटर बसवणारा मुलगाच नाही का? वेळ जुळते."

"वेळ जुळते, माणूस जुळत नाही. सगळ्यांना आत बोलवा."

चौघं टेबलाभोवती उभी राहिली, एकमेकांकडे न बघता.

"साप साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही," अक्कांनी सुरुवात केली. "पासवर्ड तिघांना माहीत, म्हणून तिघंही चोर. पण नंबर बंद. कोड येणार कुठं? म्हणजे आठ महिने बाहेरून ह्या खात्यात कुणीच शिरू शकत नव्हतं. पुसणारं यंत्र आधीपासून त्या खात्यात उघडंच असणार."

"त्यांचा फोन तर बंद आहे," बाई म्हणाल्या.

"फोन बंद आहे. आता तारीख बघा. द्वेषानं पुसणाऱ्यानं दवाखान्यातले फोटो का ठेवले? त्यांतही हेच आहेत. रेघ मरणावर पडलेली नाही, नऊ तारखेवर पडलीय. राउटर त्याच रात्री जळाला. ज्या यंत्राला फक्त घरचं वायफाय होतं, त्याला नऊनंतरचे फोटो कधी पोचलेच नाहीत. जे दिसत नव्हतं, ते पुसणार कसं?"

मुलाचा शहाणा चेहरा हळूहळू उतरला. त्यानं टॅबकडे बघितलं.

"पण पुसलं तर गुरुवारी!" लेक म्हणाली.

"पुसलं आठ महिन्यांपूर्वी. नेट नव्हतं, म्हणून ती आज्ञा यंत्राच्या पोटात पडून राहिली. गुरुवारी अकराला तुझ्या दादानं नवा राउटर लावला. नाव जुनं, पासवर्ड जुना. टॅबला वाटलं, घर परत आलं. त्यानं मालकाचा निरोप पोचवला. संदेश खोटा नव्हता. मालकानंच हटवलं."

"ह्यांनी?" बाई मटकन स्टुलावर बसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

"दोन दिवस दार लावून, एकटेच बोलत होते. फोनवर नाही, कॅमेऱ्यासमोर. टॅब भरला असणार. क्लाउडमध्ये आहेतच म्हणून त्यांनी इथले काढून टाकले. क्लाउड म्हणजे कुलूपबंद पेटी, असं समजले बिचारे. ती पेटी नव्हती, आरसा होता. काखेत कळसा आणि महिनाभर गावाला वळसा, मंडळी. उघड ग."

सुनेनं हात पदराला पुसले आणि घड्याळ बाजूला सारलं. मालकाचं खातं उघडंच होतं. कचरापेटीत २,८१६. वेळ ११:०४.

"सगळे निवड. परत आण," मुलगा घाईनं पुढे झाला.

"तू हात लावू नको!" बाई ओरडल्या. "तिला करू दे."

तिनं केलं. एक चाक फिरत राहिलं. ११:०६, ११:०७. मग बाईंच्या फोनवर एक कटिंग उमटलं, बाहीचं. मग दुसरं. मग दात दाखवून हसणारा एक माणूस, गळ्यात टेप.

लेक रडायला लागली. दादानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला, आणि थोड्या वेळानं परत ओढून घेतला.

टॅबमध्येच दोन व्हिडिओ होते. लेकीचं बोट तिकडे वळलं.

"थांबा," सून म्हणाली. तिनं माहेरच्या पिशवीतून नवीकोरी डिस्क काढली. "आधी प्रत. फोटोंची, आणि ह्या व्हिडिओंची. एक इथं, एक तुमच्या क्लाउडमध्ये, एक वन्संच्या. मग बघा हवं तितकं."

कुणी वाद घातला नाही. डिस्क जोडली. वीस टक्के. एकतीस. चौघं एकाच पट्टीकडे बघत उभी होती. अक्कांनी मास्तरांना चलायची खूण केली, पण मास्तरांचे पाय निघेनात.

शंभर झाले. बाईंनी कात्री उचलून सुनेपुढे ठेवली.

"माझी जीभ ह्या कात्रीपेक्षा लांब आहे," त्या म्हणाल्या. "कापलं तुला. विनाकारण. आता ते व्हिडिओ तूच लाव."

सुनेनं पहिला लावला. पडद्यावर टेबल, दोन हात, खडू, आणि खोकत येणारा आवाज: "सूनबाई, हे तुझ्यासाठी. कापड आधी भिजवून वाळवायचं. तुझी सासू म्हणेल, वेळ नाही. तिचं ऐकायचं नाही."

बाईंनी डोळे पुसले आणि मुलाला कोपरानं ढोसलं.

"बघतोस काय? बादलीत पाणी आण. तिला कापड भिजवायचंय."