तीस वेळा थांबणं

मी थांबणार होते. निदान माझा तसा समज होता. उतारावर मागचा ब्रेक दाबला, पण सकाळच्या सरीनं ओल्या झालेल्या रिमवरून रबर नुसतं घसरत राहिलं... आणि माझी सायकल एका दुकानाबाहेर रचलेल्या टायरच्या चळतीत घुसली.

आत चाकाच्या तारा आवळत बसलेल्या माणसानं मान वर केली. कोपरापर्यंत काळे हात, डोळ्यांत हसू.

"आत येणार होतात की पुढं जाणार होतात?"

"पुढं."

"ब्रेकचं मत वेगळं दिसतंय."

"लागलं का गं?" काउंटरमागून विणकाम बाजूला ठेवत एका बाईंनी विचारलं. त्या त्याच्या आत्या. दुकान त्यांचंच.

"नाही."

"टायरना लागलं असेल," तो म्हणाला. "पण ते बोलत नाहीत."

मागं डिस्क ब्रेक बसवून घ्यायचं तसंही ठरलंच होतं. बाबांची अट होती : उताराच्या गावी सायकल न्यायची तर मागचा ब्रेक आधी बदल, नाहीतर ती इथंच राहील. तो खाली वाकला, मागच्या डाव्या नळीवरचे दोन भोकांचे कान त्यानं बोटानं चाचपले.

"बनवणाऱ्यानं जागा ठेवलीय. बसवणारं कुणी भेटलं नाही, एवढंच. कधी हवी?"

"शनिवारी."

"शनिवारी काय आहे?"

"काम आहे," मी म्हणाले. रविवारी गाव सोडून जाणार आहे हे सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

पाण्याचे नमुने तपासून प्रयोगशाळेतून निघाले की मी रोज दुकानात जाऊ लागले. डिस्क ब्रेकची चकती बसेल असं नवं चाक त्याला आधी बांधायचं होतं. मंगळवारी तो तारा ओवत होता. बुधवारीही ओवत होता.

"एवढ्या वेळात यानं दोन अख्ख्या सायकली जुळवल्या असत्या," आत्या म्हणाल्या.

"घाईनं चाक वाकडं होतं, आत्या."

"हो हो. बघतेय मी, काय वाकडं होतंय ते."

शुक्रवारी चकती आली. त्यानं ती माझ्या हातात दिली. मी ती मधल्या भोकाशी, अलगद धरली.

"हे कुणी शिकवलं?"

"आमच्याकडं काचेच्या नळ्या असतात. मधे बोट लागलं की बोटाचं तेल लागतं, आणि आकडा चुकतो."

"इथंही तेच. तेल लागलं की ब्रेक किंचाळतो, पण थांबवत नाही." त्यानं चकती परत घेतली. "बारा वर्षं झाली. माझं बोट एकदाही लागलेलं नाही."

सहा स्क्रू. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग पुढचा. मी पाहत राहिले.

"शनिवारी नक्की काय आहे?" त्यानं खाली बघतच विचारलं.

"शनिवारी काही नाही. रविवारी मी जातेय... बदली झालीय. साठ किलोमीटरवर, धरणाजवळ."

त्याचा पाना मधेच थांबला. मग आम्हा दोघांची नजर एकदमच चकतीवर गेली. चकचकीत पट्टीवर काळ्या अंगठ्याचा ठसा होता. रेषा न् रेषा मोजता आली असती.

"हा..." तो म्हणाला.

"अंगठा," मी म्हणाले.

आत्या आल्या, चष्मा नाकावर ओढून त्यांनी ठसा पाहिला. "बारा वर्षं," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी स्पिरिट मागून घेतलं आणि स्वच्छ फडक्यानं तीनदा चकती पुसली. ठसा गेला. त्याचे कान मात्र लालच राहिले.

मग चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरणारा कॅलिपर. "ब्रेक दाबून धरा," तो म्हणाला. "म्हणजे हा आपोआप मध्यावर येईल. मी आवळेपर्यंत सोडायचा नाही."

मी धरला. दोनच स्क्रू होते.

"झालं?"

"झालं की... मगाशीच."

"मग सांगितलं का नाही?"

"राहिलं."

शनिवारी दुपारी स्वच्छ ऊन होतं. नवे पॅड चकतीशी जुळायला तीस वेळा वेग घेऊन थांबावं लागतं, असं तो म्हणाला. कोपऱ्यावरच्या खांबापासून निघायचं, दुकानासमोर थांबायचं.

पहिल्यांदा थांबले. "कुरकुरतोय."

"नवी ओळख आहे."

सहाव्यांदा. "तिकडं सायकलची दुकानं आहेत?"

"दोन."

"बरं झालं," तो म्हणाला. झालं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

चौदाव्यांदा. "आज हात स्वच्छ आहेत तुमचे."

"आत्यानं घासायला लावले."

तिसाव्यांदा सायकल त्याच्या बुटांपासून वीतभर अंतरावर, आवाज न करता थांबली.

"झाले तीस," मी म्हणाले.

"सत्तावीस."

मी दिवसभर थेंब मोजते. मोजण्यात चुकत नाही. त्याच्याकडं पाहिलं, तर तोही चुकलेला वाटत नव्हता.

"बरं, सत्तावीस," म्हणत मी सायकल वळवली.

पुन्हा थांबले, तेव्हा तो म्हणाला, "नवी केबल ताणते. शंभर किलोमीटर झाले की परत आवळावी लागते. दोन मिनिटांचं काम. तिथंही कुणीही करून देईल."

मी खांबापर्यंत गेले आणि आले.

"तिथं कामावर जाऊन-येऊन रोज सतरा किलोमीटर," मी म्हणाले. "सोमवार ते शनिवार एकशे दोन. म्हणजे पुढच्या रविवारी आवळायला हवी. आणि कुणीही नको."

त्यानं हातातला पाना उगाचच पुसला. "पाना खिशात मावतो. सायकल आणू नका... मीच येतो. तुम्ही टायर पाडलेत ना, त्या दिवसापासून उतारावर कुणाची घंटा वाजली की मी उठून बघतो."

"रविवारी दुकान असतं ना पण?"

"मी बसते की," आतून आत्या म्हणाल्या. "बारा वर्षांत रजा मागितलीय कुणी?"

मी शेवटची फेरी मारली. थांबले, पण ब्रेकवरचा हात बराच वेळ काढला नाही. त्या हातावर त्याचा हात होता.

संध्याकाळी बाबांनी सायकल ढकलून ब्रेक दाबून पाहिला. मान डोलावली.

"किती वेळा थांबून पाहिलंस?"

"तेहतीस."

"ब्रेकसोबत आलेल्या या कागदावर तर तीस लिहिलंय."

"हो," मी म्हणाले. "मोजायला दोघं होतो."