निवांत मार्ग

सह्याद्री महाविमानतळावर तुम्ही किती वाजता आलात हे कोणी विचारत नाही. आधी आला तो आधी गेला, हा न्याय तिथे कधीच मोडीत निघाला आहे. दारातल्या कमानीखालून आत शिरायचं, भिंतीतल्या काचेवर तळहात टेकवायचा, आपलं नाव आणि जायचं ठिकाण मोठ्याने सांगायचं, की मनगटावर एक पट्टा चढतो आणि त्यावर क्षणोक्षणी बदलणारा आकडा उमटतो. त्याला म्हणतात निकडांक. शंभरापैकी जितका जास्त, तितकी तुमची निकड खरी आणि तितके तुम्ही रांगेत पुढे.

कुमुद जंगम यांच्या पट्ट्यावर एकतीस आकडा होता, आणि तिकडे जमशेदपूरला त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती.

निकडांक आला तेव्हा लोकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं, आणि त्यात काही चुकलंही नव्हतं. त्याआधीच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. सुरक्षा तपासणीपाशी जो तो म्हणायचा, जरा पुढे जाऊ द्या हो, आमचं विमान सुटतंय. खरं कोण बोलतंय ते कळायला मार्ग नव्हता. ओळखीचे लोक बाजूच्या दाराने जायचे, महाग तिकीटवाल्यांना तर दारच वेगळं होतं, आणि सामान कोणाचं कुठे पोहोचेल ते देवालाच ठाऊक. मग डॉ. श्रीरंग बेलसरे यांनी दाखवून दिलं की माणसाची जीभ खोटं बोलते, शरीर बोलत नाही. ओढ लागली की नाडी बदलते, तळहाताला बारीक घाम सुटतो, डोळ्यांची बाहुली रुंदावते, आवाजात कानाला न कळणारा कंप येतो. यातली एखादी गोष्ट धावून किंवा मिरची खाऊन आणता येते. पण सगळ्या एकमेकींशी ठरावीक मेळ साधून येतात त्या खऱ्या निकडीतच, आणि तो मेळ यंत्राला ओळखता येतो.

पहिल्याच आठवड्यात इस्पितळातल्या मुलाकडे निघालेला एक गवंडी एका मंत्र्याच्या पुढे गेला. मंत्रिमहोदयांचा निकडांक नऊ होता, आणि त्यावर लोक महिनाभर हसले. तेव्हापासून विमानतळाच्या मधल्या खांबावर एक मोठा फलक आहे. त्यावर रोज झळकतं : आज निकडीचा एकही प्रवासी खोळंबला नाही.

ज्यांचा आकडा चाळिसाच्या खाली, त्यांच्यासाठी निवांत मार्ग. तिथे मऊ खुर्च्या, कुंड्यांतली झाडं, मंद बासरी. जागा उरली तर तुमचं विमान, नाहीतर पुढचं. सामानाचंही तेच. बॅगेच्या चिठ्ठीला मालकाचा आकडा जोडलेला असतो, तो चढला की बॅग चढते. निवांत लोकांच्या बॅगा काचेपलीकडे एका ढिगात पडून असतात. कुमुदताईंची मरून बॅग त्या ढिगात खालून दुसरी होती, आणि खुर्चीतून त्यांना ती दिसत होती.

त्या बॅगेत भाजणी होती. या वर्षातलं हे चौथं बोलावणं. धाकटा भाऊ शिवानंद जमशेदपूरच्या कारखान्यात नोकरीला लागला तो तिकडचाच झाला, आणि आईही त्याच्याकडे. दर वेळी त्याचा फोन येई की ताई, लगेच ये, डॉक्टरांनी सांगितलंय. कुमुदताई साताऱ्याहून भाजणी घेऊन धावत, भावजय थालीपीठ लावी, आणि म्हातारी उठून बसे. भाजणी हेच आईचं औषध, अशी घरात चेष्टाच झाली होती. पण या वेळी शिवानंदने चेष्टा केली नाही. आई डोळे उघडत नाही, फक्त मधूनच विचारते, कुमू आली का, एवढंच त्याने सांगितलं. पीठ हातातल्या सामानात चालत नाही म्हणून बॅग सोडावी लागली होती.

सकाळचं विमान गेलं. त्यात ज्याच्या मैत्रिणीने दोन दिवस फोन उचलला नव्हता असा एक अठ्ठ्याऐंशीचा तरुण गेला. हॉटेलची खोली हातची जाईल या धास्तीने चौसष्टवर पोहोचलेलं जोडपं गेलं. कापडी हत्ती सामानात गेला म्हणून भोकाड पसरलेली एक चिमुरडी त्र्याण्णववर होती. तिचा हत्ती सगळ्यांत आधी विमानात चढला. कुमुदताईंना त्या पोरीचा राग आला नाही. राग यायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं.

शेजारच्या खुर्चीत एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या पट्ट्यावर बारा होते. बोलता बोलता कळलं की हेच ते डॉ. बेलसरे. निकडांकाबद्दल त्यांचा सत्कार होता, त्याला निघाले होते, आणि त्यांच्या शरीराला सत्काराची काडीची निकड नव्हती. स्वतःसाठी वेगळं दार मागणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून नेहमी इथेच बसायचे. कुमुदताईंनी त्यांना आपण कुठे निघालो ते सांगितलं. डॉक्टरांनी त्यांच्या एकतीसकडे पाहिलं आणि सभ्यपणाने नजर वळवली. त्या नजरेचा अर्थ कुमुदताईंना बरोबर कळला. बाई बोलते आईबद्दल, पण आतून तिला जायचं नाही, असं ते मनात म्हणाले होते. आणि खरं सांगायचं तर सकाळपासून कुमुदताईंनाही तीच शंका छळत होती.

"मला आईकडे जायचंच नसेल, असं असेल का हो?" त्यांनी विचारलं. "मी दमलेय, हे खरं आहे. पण यंत्र म्हणतं तशी मी आहे का?"

डॉक्टर म्हणाले की यंत्र माणसाच्या मनाचा निवाडा करत नाही, फक्त शरीराची घाई मोजतं. पण हे उत्तर त्यांचं त्यांनाच अपुरं वाटलेलं दिसलं.

तेवढ्यात शिवानंदचा फोन आला. आईचा श्वास लागला होता. कुमुदताईंनी शांतपणे विचारलं, पाठीमागे उशा दिल्यात का, खिडकी उघडी आहे का, ओठ कसे दिसतायत. फोन तिकडच्या डॉक्टरांच्या हातात द्यायला सांगितलं, त्यांच्याशीही तशाच स्वरात बोलल्या, मग पुन्हा भावाशी. "शिवा, मी येतेय. तू तिचा हात धरून बस," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बेलसरे त्यांच्या मनगटाकडे बघत होते. आकडा एकतीसवरून अठरावर आला होता.

"बातमी वाईट होती," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि आकडा उतरला. असं व्हायला नको. तुम्ही काय काम करत होतात?"

कुमुदताई जिल्ह्याच्या रुग्णवाहिका केंद्रात फोन घेत होत्या. तीस वर्षं. पलीकडे कोणाचं मूल विहिरीत पडलेलं असे, कोणाचा नवरा जमिनीवर पडून निळा पडत चाललेला असे, आणि माणसं किंचाळत असत. पहिल्या दिवशी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती : पलीकडचा आवाज चढला की आपला उतरला पाहिजे. आधी आवाज उतरवायला शिकल्या, मग श्वास, आणि पुढे पुढे सगळं अंगच आपोआप उतरू लागलं. जितकी बातमी वाईट, तितक्या त्या गार. काम संपल्यावर, फोन ठेवून झाल्यावर मात्र हातांना कापरं भरायचं, पायऱ्यांवर बसावं लागायचं. बरोबरच्या बायका चहा आणून द्यायच्या आणि कोणी काही विचारायचं नाही, कारण सगळ्यांचं तेच होतं.

डॉक्टर म्हणाले की यावर उपाय आहे, लोक करतात. शहरात म्हणे आता व्याकुळवर्ग निघाले आहेत. प्रवासाआधी महिनाभर जायचं आणि मनापासून घाबरायला शिकायचं. खोटी घाई यंत्र पकडतं, पण खरोखर स्वतःला हवालदिल करून घेतलं तर त्याला काय कळणार. त्यांनी कुमुदताईंना सांगितलं, वाईटात वाईट डोळ्यांपुढे आणा. तुम्ही पोहोचत नाही, आई विचारते आहे, असं पाहा.

कुमुदताईंनी डोळे मिटले आणि पाहिलं. आईची खोली दिसली, उशी दिसली, दाराकडे वळलेला चेहरा दिसला. आकडा चौदावर आला. त्यांनी स्वतःला दटावलं, मनातल्या मनात शिव्या घातल्या. अकरा. ज्या सवयीने त्यांनी कितीतरी परक्यांची माणसं वाचवली होती, ती आता त्यांच्याच आईच्या आड येऊन उभी होती, आणि तिला बाजूला कसं करायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारचं विमान लागलं. डॉक्टर उठले आणि निवांत मार्गाच्या तोंडाशी असलेल्या मुलीकडे गेले. गणवेशातली, हसतमुख, विशीतली मुलगी. त्यांनी आपलं नाव सांगितलं, या बाईंना पुढे जाऊ द्या, मी हमी घेतो, म्हणाले. तिने अदबीने वर नियंत्रण कक्षात विचारलं आणि तितक्याच अदबीने उत्तर आणलं. सर, कोणाचाही शब्द धरायचा नाही, हा तुमचाच पहिला नियम आहे. शब्द धरायला लागलो की पुन्हा ओळखी सुरू होतील.

ती चूक बोलत नव्हती. बेलसरे परत फिरले आणि नेहमी याच मार्गावर बसत असूनही त्यांनी आज पहिल्यांदा तिथली माणसं नीट पाहिली. एक पंचविशीचा, मान न धरणारा मुलगा आणि त्याला मऊ भात भरवणारी त्याची आई : बावीस. बायकोच्या औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपलेले एक आजोबा : सतरा. सुजलेल्या पायांतल्या चपला काढून भिंतीकडे बघत बसलेली एक नर्स : वीस. निवांत असं तिथे कोणी नव्हतंच. चुलीवर फार वेळ राहिलेल्या पातेल्यातलं पाणी आटून जातं, मग उकळीचा आवाज येत नाही. त्यांच्या यंत्राला आवाज ऐकू आला नव्हता, म्हणून खाली विस्तव नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं. नव्याने घाबरलेली माणसं पुढे गेली होती, आणि वर्षानुवर्षं दुसऱ्याची काळजी वाहून दमलेली सगळी इथे साठली होती.

"ताई, माझं चुकलं," ते कुमुदताईंना म्हणाले.

दुपारचं विमान भरलं. चार जागा उरल्या, त्या बावीसला आणि तिच्या मुलाला मिळाल्या, वीसला मिळाली, सतराला मिळाली. विमानाचं दार मिटलं. काचेपलीकडच्या ढिगात मरून बॅग आता एकटीच होती.

पुढच्या विमानाला रांग लागू लागली तेव्हा फोन वाजला. शिवानंद म्हणाला, "ताई, गेली गं आई. मघाशी म्हणाली, कुमूला म्हणावं सावकाश ये."

कुमुदताईंनी वेळ विचारली. डॉक्टर आहेत ना, कोणाकोणाला कळवलंस, तू काही खाल्लंस का, विचारलं. आवाज जराही हलला नाही. आकडा सातवर होता. मग त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली, आणि त्यांच्या हातांना कापरं भरलं.

बेलसरेंना सगळं कळलं, कारण हे कसं होतं ते त्यांनी मघाशीच ऐकलं होतं. काम संपलं होतं. आता आवाज उतरवायची गरज कोणाला उरली नव्हती. कुमुदताईंचे दात एकमेकांवर आपटू लागले, तळहात भिजले, आई म्हणून एकदाच हाक निघाली. पट्ट्यावरचा आकडा चाळीस झाला, साठ झाला, ऐंशीच्या पुढे गेला. पट्टा हिरवा झाला आणि किणकिणला.

मग सगळं किती झटपट झालं. निवांत मार्गाची साखळी आपोआप खाली पडली. पुढची रांग न सांगता दोन्ही बाजूंना सरकली, लोकांनी सहानुभूतीने वाट दिली, कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. काचेपलीकडे एक हमाल मरून बॅग उचलून विमानाकडे अक्षरशः पळत निघाला. खांबावरचा फलक क्षणभर विझून पुन्हा उजळला, आज निकडीचा एकही प्रवासी खोळंबला नाही. बेलसरे त्याच्याकडे बघत राहिले. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

गणवेशातली मुलगी धावत आली आणि तिने कुमुदताईंचा दंड धरला. "या काकू, तुम्ही सगळ्यांच्या आधी या."

कुमुदताई जागच्या जागी थांबल्या. मागे नुकतीच येऊन बसलेली, चपला शोधणारी एक म्हातारी होती, तिच्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

"त्यांना जाऊ दे, बाळ," त्या म्हणाल्या. "मला आता घाई नाही."

मुलीने त्यांचं मनगट हातात घेतलं, पट्टा उजेडाकडे वळवून पाहिला आणि समजूत घालत म्हणाली, "आहे ना काकू. सत्त्याण्णव आहे."

आणि पाठीवर हात ठेवून तिने त्यांना सगळ्यांच्या आधी विमानात नेऊन बसवलं.