हिरव्या चादरी

"अहो, तिथे बसू नका—"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो बसला होता.

त्याचा तरी काय दोष म्हणा. चुनखडीच्या त्या पांढऱ्या पठारावर सकाळचं धुकं उतरलं की दगड कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते, काही म्हणजे काही कळत नाही. पाठीवर जड पिशवी, पायवाटेच्या कडेला बसायला बोलावणारा एक गुळगुळीत दगड... तो टेकला, एवढंच. ती मात्र ब्रश तसाच हवेत धरून बघत राहिली. त्या दगडावर तिने नुकतंच लाल रंगाचं वर्तुळ काढलं होतं, मधोमध एक ठिपका.

"ओला आहे का रंग?" त्याने बसल्या बसल्याच विचारलं.

"होता. आता बराचसा तुम्ही टिपून घेतलात."

तो उठला आणि मान वळवून आपली पाठ बघायच्या नादात त्याने स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली. पँटच्या मागे वर्तुळ आणि ठिपका जसाच्या तसा उमटला होता. तिला हसू आवरेना.

"हसा, हसा. पण याचा अर्थ काय ते तरी सांगा."

"एक रेघ म्हणजे सरळ चला. फुली म्हणजे इकडे येऊ नका. आणि हे..." ती जरा अडखळली, "हे म्हणजे मुक्काम. जवळ राहायची सोय आहे."

"मग नशीब थोर. फुलीवर बसलो असतो तर पंचाईत होती."

गावाभोवतीच्या डोंगरवाटांवरच्या खुणा दरवर्षी ताज्या करायचं काम तिचं. तिच्या कोपरावर, वेणीच्या टोकाला, बुटांवर कुठे ना कुठे लाल थेंब असायचाच, म्हणून सगळं गाव तिला ठिपकी म्हणायचं. आईवडील ती लहान असतानाच गेले होते, आत्यानेच तिला वाढवलं. वाटसरूंसाठी आत्या चार खोल्यांचं घर चालवायची, आणि त्या दगडावरचा मुक्काम म्हणजे हेच घर.

तो पाण्याच्या खात्यातला निघाला. पठारावर वाटसरूंसाठी मोठी धर्मशाळा बांधायचं चाललं होतं. पण तिथलं सांडपाणी जमिनीत मुरून नेमकं कुठे निघेल, ते आधी कळायला हवं होतं. चुनखडीचा भरवसा नाही. वरचा ओढा एका भोकात शिरून गडप व्हायचा. गाव त्या भोकाला घसा म्हणायचं. गिळलेलं पाणी पुढे कुठे जातं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"घशात मी हिरवा रंग ओतणार," त्याने आत्याला समजावलं. "पिण्यात गेला तरी अपाय नाही. मग सगळ्या झऱ्यांवर नजर ठेवायची. जिथे हिरवं पाणी दिसेल तिथे ते पाणी निघतं. रंग दिसला की माझं काम संपलं, मी निघालो."

तेव्हा ठिपकीने ते वाक्य नुसतं ऐकलं. ते टोचायला लागलं नंतर.

रंग ओतला गेला त्या दिवसापासून दोघं रोज वाटा तुडवत. तिला खुणा रंगवायच्या होत्या, त्याला झरे बघायचे होते, आणि वाटा त्याच होत्या. तो तिचा रंगाचा डबा धरायचा. ती त्याला दाखवायची — पावसाने दगडावर पाडलेल्या बारीक पन्हळी, भेगेतून डोकावणारी नेच्याची पानं, पाय ठेवला की पोकळ वाजणारी जागा. एकदा तिने त्याला एका सपाट खडकाशी थांबवलं.

"कान लावा."

"कशाला?"

"लावा तर खरं."

तो खडकावर पालथा झाला. समोरून तीही झाली. गार दगडावर दोन कान, आणि मधे वीतभर अंतर. खाली खोल कुठेतरी पाणी चाललं होतं... हळू, झोपेत बोलल्यासारखं.

"काय म्हणतंय?" तिने कुजबुजत विचारलं.

"म्हणतंय, की तुमच्या नाकावर रंग लागलाय."

तिने नाक पुसलं. रंग गालावर गेला. तो बघत राहिला आणि ती उठून उगाच पुढच्या दगडाकडे निघाली. त्या दिवशी तिने एक रेघ वाकडी काढली, तिच्या आयुष्यातली पहिली.

आत्याच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. "वाटसरूवर जीव लावू नये गं बाई," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "आपल्याकडे येणारा प्रत्येक जण जाण्यासाठीच येतो."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तेच तर. एरवी तुझं तोंड बंद नसतं."

आणि मग एका सकाळी घरामागच्या झऱ्यावर ती हंडा भरायला गेली, तर पाणी हिरवं होतं.

ऊन तिरपं येत होतं आणि कुंडातलं पाणी कोवळ्या पानासारखं चमकत होतं. इतकं सुंदर पाणी तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि हंडा तिने रिकामाच खाली ठेवला. रंग दिसला की काम संपलं. मी निघालो. ती काठावर बसून राहिली. आपला याच्यावर जीव जडलाय, हे तिने तिथे पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

"झऱ्यावर काही?" न्याहारीला त्याने विचारलं.

"काही नाही," ती चहात बघत म्हणाली. "तुम्ही सकाळी जुन्या गिरणीच्या झऱ्यावर गेला होतात ना? तिथे?"

"तिथेही... काही नाही."

दिवसभर तिने त्याला लांबच्या वाटेने फिरवलं. घरामागे तो फिरकू नये म्हणून काय काय सबबी काढल्या — तिथे मधमाश्या आहेत, चिखल आहे, शेजाऱ्याची म्हैस मारकी आहे. तो प्रत्येक सबबीला गंभीरपणे मान डोलवायचा. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. कान लाल व्हायचे. वाईटही वाटत होतं, कारण सारं गाव उत्तराची वाट बघत होतं. पण आजचा एक दिवस... फक्त आजचा.

उतरत्या उन्हात दोघं वाटेच्या शेवटच्या वळणावर आले आणि ती थबकली.

अंगणात दोरीवर आत्याने चादरी वाळत घातल्या होत्या. वाटसरूंच्या पांढऱ्याशुभ्र चादरी. आत्या कपडे झऱ्यावरच धुते, हे ती साफ विसरली होती. सगळ्या चादरी फिकट हिरव्या होऊन वाऱ्यावर डुलत होत्या.

तो मान तिरकी करून चादरींकडे बघत होता.

"आत्यांनी नवीन चादरी आणल्या वाटतं?"

"मी सकाळीच पाहिलं होतं," ती म्हणाली. "पाणी. सांगितलं नाही मी... सांगितलं असतं तर तुम्ही निघाला असतात."

मग त्याने खिशात हात घातला आणि एक रुमाल काढून तिच्यापुढे धरला. रुमाल कधीकाळी पांढरा असावा. आता तो चादरींहून हिरवा होता.

"हा काय?"

"गिरणीचा झरा. परवा तिथे तोंड धुतलं, तेव्हाचा."

"परवा?" ती बघतच राहिली. "आणि आज मी विचारलं तर म्हणालात, काही नाही?"

"तुम्ही म्हशीचं म्हणालात, मी काही बोललो का?" तो हसला. "घशातलं पाणी दोन्ही झऱ्यांवर निघतं, म्हणजे सांडपाणीही इथेच येणार. पठारावर बांधता येणार नाही, उद्या कळवून टाकतो. दोन दिवस मी गप्प बसलो. नोकरीत असं कधी केलं नव्हतं. पण... मला जायचं नाहीये, ठिपके. तू आवडतेस मला. त्या दगडावर बसलो तेव्हापासून."

अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. तिने रुमाल घेतला, घडी घातली, आणि परत दिला नाही.

"खुणेवर बसलास ना," ती हळूच म्हणाली, "मग मुक्काम करावा लागतो."

"तो डाग अजून निघालेला नाही."

"निघायचाही नाही. माझा रंग आहे तो."

त्याने तिच्या गालावरचा थेंब अंगठ्याने पुसला. तिने या वेळी पुढचा दगड शोधला नाही.

"काय गं," अंगणातून आत्याचा आवाज आला. ती कमरेवर हात ठेवून चादरींकडे आणि मग या दोघांकडे बघत होती. "मी म्हणतच होते, कुठेतरी पाणी मुरतंय. चांगल्या चादरींचं वाटोळं केलंत. आता यांच्यावर झोपणार कोण?"

ठिपकीचे कान लाल झाले. पण ती दोरीपाशी गेली आणि त्यातली सर्वांत मोठी, दोघांची चादर तिने गालाला लावून बघितली. वाळली होती.

"ही राहू दे, आत्या," ती म्हणाली. "ही माझ्यासाठी ठेव."

आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मुकाट्याने चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. घडी घालायला दोघं लागतात.