जुलैमध्ये जन्मलेली दोघं

सायकलची साखळी ऐन उतारावर निसटली आणि गुनिला थेट एका काळ्या छत्रीवर जाऊन आदळली. छत्रीखाली एक मुलगा होता. दोघंही रस्त्याकडेच्या ओल्या गवतात पडली.

"ब्रेक नावाची एक वस्तू असते," तो गुडघा चोळत म्हणाला.

"माझ्या सायकलचा ब्रेक पायडलात आहे. साखळी गेली की ब्रेकही जातो!"

"मग ओरडायचं तरी…"

"ओरडले की! तू छत्रीत तोंड खुपसून चालला होतास."

त्यानं छत्री उचलली. तिच्या दोन काड्या मोडून लोंबत होत्या. "वडिलांची आहे," तो म्हणाला. "आज कामाचा पहिला दिवस म्हणून हौसेनं दिली त्यांनी."

आता मात्र गुनिला ओशाळली. तिचाही तो कामाचा पहिलाच दिवस होता, आणि तोही त्याच कारखान्यात. ऑगस्टचा बारीक पाऊस तळ्यावर टिपकत होता. साखळी काही केल्या बसेना. शेवटी सायकल ढकलत दोघं चालत निघाली. मुलाचं नाव होकान. वाटेत त्यानं डब्यातला दालचिनीचा गोड पाव मोडून अर्धा तिला दिला. तो त्यानं स्वतः भाजला होता हे ऐकून ती त्याच्याकडे बघतच राहिली. कारखान्यात पोचायला पन्नास मिनिटं उशीर झाला. मुकादमानं मान वर न करता दोघांची नावं एकाखाली एक लिहिली आणि पुढे तारीख घातली: सतरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तर.

ही तारीख आठ वर्षांनी दोघांच्या जिवाला घोर लावणार होती. पण एकविसाव्या वर्षी तारखांकडे बघतं कोण?

त्या काळी स्वीडनमधलं आमचं सगळं गाव चिनीमातीच्या भांड्यांवर जगत होतं. दोघांना काम मिळालं रंगाच्या दालनात, ताटल्यांच्या काठाला सोनेरी रेघ ओढायचं. फिरत्या चाकावर ताटली बरोबर मधोमध ठेवायची, ब्रश सोन्यात बुडवायचा, श्वास रोखायचा आणि ताटलीचा एक फेरा पुरा होईपर्यंत हात हलू द्यायचा नाही. रेघेची दोन टोकं जिथे भेटतात तिथे सांधा दिसला की ताटली बाद. भट्टीत जाण्याआधी ते सोनं मळकट तपकिरी दिसे आणि त्याला लव्हेंडरच्या तेलाचा वास येई. तो वास केसांत बसला की रविवारीसुद्धा जात नसे.

बोलायचं ते दोन ताटल्यांच्या मधल्या वेळात. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं आपली ताटली संपवून उत्तर द्यायचं.

"शनिवारी नाचाला जाणार आहेस?" होकान विचारी.

गुनिलाचा श्वास रोखलेला असे. एक फेरा. ब्रश वर. "कुणाबरोबर?"

मग त्याची ताटली. एक फेरा. "तेच विचारत होतो."

"नाही हं. तू 'जाणार आहेस का' विचारलंस. 'येशील का' हे वेगळं असतं."

त्याचे कान लाल होत. पुढच्या ताटलीचा सांधा हमखास दिसे.

त्यांच्या मागच्या बाकावर आइरा बसे. ती फिनलंडहून आली होती. दोन लहान मुलं पदरात आणि नवरा परत मायदेशी निघून गेलेला. तिला आमची स्वीडिश भाषा अडखळत यायची, त्यामुळे ती फारशी बोलत नसे. पण एकदा तोंड उघडलं ते असं: "तुमचं बोलणं ऐकून माझ्या ताटल्या मागे राहतात. लग्न करा, नाहीतर गप्प बसा."

सगळं दालन हसलं. ही दोघं गप्प बसली.

दालनात कुणाचा वाढदिवस म्हणजे सणच. हिरवा केक यायचा, सगळे उभं राहून गायचे. पण जुलैत भट्ट्या थंड करून कारखाना चार आठवडे बंद ठेवत, आणि गुनिला नेमकी जुलैतली. तिच्यासाठी कधी कुणी गायलं नाही. होकानचाही केक कधी झाला नव्हता.

"तू जन्मलास तरी होतास का?" तिनं एकदा विचारलं.

"जुलैत. एकोणपन्नास साली."

"मीसुद्धा! किती तारखेला?"

"केक घेऊन येणार असशील तर सांगतो."

"मग मीही नाही सांगत जा."

हा लटका हट्ट दोघांनी आठ वर्षं चालवला. प्रत्येक उन्हाळ्यात सुट्टी लागताना तो म्हणे, "विचार अजून…" ती म्हणे, "तूच कर विचार." मग चार आठवडे तळ्याकाठच्या आपापल्या टोकाला दोघं एकमेकांची वाट बघत. पुढचं मात्र कुणीच बोललं नाही. रोज सकाळी सात वाजता ते माणूस शेजारी येऊन बसणारच आहे, याची खात्री असली की जीभ आळशी होते.

आणि मग अठ्ठ्याहत्तर सालच्या सप्टेंबरात, एका सोमवारी, मायवोरनं कॉफीच्या सुट्टीत सगळ्यांना बोलावलं. मायवोर म्हणजे कामगार संघटनेची प्रमुख, साठी उलटलेली, घोगऱ्या आवाजाची. गावात तोवर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करू लागले होते. पण मायवोरला 'तू' म्हणतानासुद्धा माणूस आधी घसा खाकरत असे.

"आधी कॉफी घ्या," ती म्हणाली. "वाईट बातमी रिकाम्या पोटी पचत नाही."

बातमी अशी होती, की रेघा ओढणारं यंत्र येणार होतं. मिनिटाला चाळीस ताटल्या. डिसेंबरपासून रेघेच्या अकरा कामगारांपैकी चौघंच राहणार.

"नियम ठाऊक आहे तुम्हाला. शेवटी आला तो आधी जाणार. पहिल्या तीन जागा पंचवीस वर्षं काढलेल्या बायकांच्या. चौथी…" मायवोरनं चष्मा कपाळावर चढवला. "गुनिला आणि होकान. दोघांची तारीख एकच. अशा वेळी वयानं मोठं ते राहतं, धाकटं जातं."

"मोठं कोण मग?" आइरानं विचारलं.

"शुक्रवारी यादी लागेल तेव्हा कळेल. आज सांगितलं तर एक जण आठवडाभर रडेल आणि दुसरा तोंड लपवत फिरेल. आणि हो, कुणाला आपणहून जायचं असेल तर बुधवारी दुपारपर्यंत माझ्या दाराबाहेरच्या पेटीत अर्ज टाका. त्याची जागा यादीतल्या खालच्या नावाला मिळेल. पण नीट विचार करा. पेटी मी साहेबांसमोर उघडते, पडलेला अर्ज परत मिळत नाही."

त्या दुपारी चाकं तेवढी घरघरत होती. शेवटी गुनिलानं विचारलं, "तारीख सांगतोस?"

एक फेरा. दुसरी ताटली. आणखी एक फेरा.

"नको," होकान म्हणाला.

"मलाही नकोच," ती म्हणाली. आणि दोघांच्याही ताटल्या बाद झाल्या.

रात्री तिला झोप कसली येतेय. होकानच्या वडिलांनी चाळीस वर्षं भट्टीवर काढली होती. आता दोन जिने चढले तरी त्यांना दम लागे. तळ्याकाठचं घर सोडून ते कुठे जाणार नव्हते, आणि त्यांना सोडून होकान कुठे जाणार नव्हता. गावात दुसरं काम नव्हतं. आपलं काय? भाड्याची एक खोली, एक सायकल, आणि गोथेनबर्गला बहीण, जिच्या सोफ्यावर झोपता येईल. हिशेब अगदी सोपा होता. सोपा होता तर मग उशी ओली का होत होती?

बुधवारी साडेअकराला ती हात धुवायचं निमित्त करून उठली आणि अर्ज पेटीत टाकला. पेटी पत्र्याची. कागद खाली वाजायला हवा होता. पण आवाज मऊ आला, जणू कागदावर कागद पडला असावा. तिनं फार विचार केला नाही.

दोन वाजता मायवोरनं दोघांनाही बोलावलं.

टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले होते. एकाच छापाचे, एकाच तारखेचे. दोन्हींवर साहेबांचा शिक्का बसलेला.

"एकतीस वर्षं मी या खुर्चीवर आहे," मायवोर म्हणाली. "जागेसाठी भांडणारे पाहिले. रडणारे पाहिले. एकानं तर जन्मदाखला खोटा आणला होता. पण अशी दोन गाढवं एकाच दिवशी कधी पाहिली नाहीत!"

गुनिलानं होकानकडे बघितलं. होकान आपल्या बुटांकडे बघत होता.

"आता जागा कुणाला?" त्यानं हळूच विचारलं.

"आइराला, यादीत तुमच्या खाली तीच आहे. बाहेर जाताना तिच्या बाकाजवळून जाऊ नका, ती मुसमुसतेय आणि तिला तुम्हाला मिठी मारायचीय. निघा आता. आणि होकान… मोठा तूच होतास. पाच दिवसांनी."

भट्टीमागे फुटक्या कपबश्यांचा पांढरा डोंगर होता. गुनिला तिथवर झपाझप चालत गेली, आणि मग एकदम वळली.

"म्हणजे जागा तुझीच होती!"

"मला कुठे माहीत होतं?"

"माहीत असतं तर?"

"तरी टाकला असता. तुझ्यासारखी रेघ कुणाची नाही, गुनिला. तुझा हात त्या चाकावरून उठला तर… ते मला बघवलं नसतं."

"आणि तुझे वडील?"

"त्यांनीच सांगितलं. म्हणाले, मी भट्टीला चाळीस वर्षं दिली, भट्टीनं मला खोकला दिला. जा, काहीतरी दुसरं शोध."

तिला त्याचा राग येत होता, एवढा राग की डोळे भरून आले. "तू मला नोकरी देऊन टाकलीस. छान. आणि मी तिथे एकटी बसणार होते? शेजारचं चाक रिकामं, आणि मी रेघा ओढतेय? माझा हात थरथरला नसता?"

"तूसुद्धा तेच करत होतीस की…"

"मी केलं ते वेगळं!"

"कसं काय?"

तिनं रागानं पाऊल पुढे टाकलं. पायाखाली फुटक्या बश्या करकरल्या. कुठल्याशा ठिकरीवर सोन्याची अर्धी रेघ चमकत होती.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "आठ वर्षांत एक तारीख विचारून घेता आली नाही तुला. केकच्या नावाखाली."

"मला तारीख नको होती."

"मग?"

त्यानं मोठा श्वास घेतला, आणि या वेळी तो रोखून धरला नाही. "तूच हवी होतीस. रोज सात वाजता. रविवारीसुद्धा. रविवार मला मुळीच आवडत नाहीत, गुनिला. तू नसतेस."

वारा सुटला. तळ्यावरून पावसाची सर चालून येताना दिसत होती, पण दोघांपैकी कुणीही हललं नाही. गुनिलानं त्याच्या बाहीवर पडलेला तपकिरी सोन्याचा डाग अंगठ्यानं पुसून पाहिला. तो काही निघाला नाही. मग तिनं हात तिथेच राहू दिला.

"आता दोघंही बेकार," ती म्हणाली.

"हो."

"मग हसतोयस कशाला?"

"तूही हसतेयस."

नोव्हेंबरच्या अखेरीस दोघांनी चाकं पुसून ठेवली. आइरानं दोघांना लोकरीचे मोजे विणून दिले, चारही एकाच रंगाचे. शेजारच्या शहरात सरकारी प्रशिक्षण होतं, शिकताना थोडा पगारही मिळे. होकाननं आचाऱ्याचा वर्ग घेतला. गुनिलानं यादीवरून बोट फिरवत नेलं, शिवणकाम, टंकलेखन, रुग्णसेवा… आणि ते एका ओळीवर थांबलं.

"बसचालक?" अधिकारी म्हणाला. "यात बायका नाहीत."

"आता एक आहे," ती म्हणाली. "माझा हात हलत नाही."

हिवाळा सोपा गेला नाही. पैसे पुरत नसत, पहाटे अंधारात निघावं लागे, आणि बर्फात मोठी गाडी मागे घेताना तिनं दोन खांब वाकवले. एका संध्याकाळी होकानच्या घरी ती रडली, "जमणार नाही मला." होकाननं तिच्यासमोर वर्गात बिघडवलेलं सूप ठेवलं. एक चमचा घेऊन ती रडायचं विसरली. "यापेक्षा तर माझं ड्रायव्हिंग बरं!" वडील खोकत खोकत हसले आणि स्वतः उठून बटाटे तळायला लागले.

मे महिन्यात, बर्चच्या झाडांना नुकती पालवी फुटलेली असताना, गुनिला पहिल्यांदा एकटीनं गावची बस घेऊन निघाली. निळा गणवेश, केस वर बांधलेले. तळ्याकाठच्या थांब्यावर होकान उभा होता. शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर जायला निघालेला, दाढी गुळगुळीत, आणि आमच्याकडे कामाच्या दिवशी कुणी घालत नाही असा पांढरा शर्ट.

"गुनिला, मला तुला एक…"

तो चढून बोलू लागताच तिनं गाडी सोडली आणि पुढच्या काचेवरच्या पाटीकडे बोट केलं. 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.'

तो दांड्याला धरून उभा राहिला. पुढच्या थांब्यावर गाडी थांबली, त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात एक आजीबाई काठी टेकत चढल्या. त्याच्या पुढच्या थांब्यावर शाळेची पोरं चढली. तिसऱ्या थांब्यावर एक कुत्रा. आरशातून गुनिलाला त्याचे लाल कान दिसत होते, आणि ओठ चावून ती समोरचा रस्ता बघत होती.

शाळा आली. पोरं उतरली, होकान उतरला नाही.

"आता गाडी उभी आहे," ती म्हणाली. "बोल."

"मला विचारायचं होतं… म्हणजे तुझी हरकत नसेल तर… उन्हाळ्यात, घर तसं मोठं आहे, वडीलही म्हणत होते…"

"वडिलांना माझ्याशी लग्न करायचंय का?"

"नाही! मला! मला करायचंय!"

मागच्या बाकावरून काठी दोनदा जमिनीवर आपटली. "अगं पोरी, हो म्हण लवकर!" आजीबाई ओरडल्या. "नऊ वाजता माझी दाताच्या डॉक्टरकडे वेळ आहे!"

"हो," गुनिला म्हणाली. आधी त्याला, मग मागे वळून आजीबाईंना. होकान कसाबसा उतरला आणि फुटपाथवर तसाच उभा राहिला. तिनं दार लावलं, आरशात एकदा मागचा रस्ता पाहिला आणि गाडी पुढे काढली, कारण आजीबाईंना खरंच उशीर होत होता.