चांदणीचा चौथा पाय

"परत तेच? तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" असं म्हणून येरवड्याचा युसूफ आधी विचारणाऱ्यालाच झापतो. मग सांगतो.

वरातीला घोडी देणं हा त्याचा धंदा. घोडी एकच, चांदणी. रंग तांबूस काळा, कपाळावर पांढरा पट्टा, तीन पाय गुडघ्याखाली पांढरे. पुढचा उजवा तेवढा काळा. बिबवेवाडीच्या रावसाहेबाला पुतण्यासाठी पंचकल्याणीच हवी होती, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं.

"एक पाय काळा आहे, साहेब."

"मग रंगवा की. नवरदेव वाकून बघणार आहे का?"

युसूफचा बाप सांगायचा, घोड्याच्या पांढऱ्यात माणसानं बोट घालू नये. पण रावसाहेबापुढं नाही म्हणायला युसूफची जीभ रेटली नाही. त्यानं वाटी धरली, बायको जैनबनं हातानं चुना फासला.

वरात नीट पार पडली. दिवेलागणीला युसूफ घोडी घेऊन परत निघाला. पुलावरची वर्दळ जरा ओसरली आणि त्याला नालांचा आवाज ऐकू आला. टक, टक, टक... चौथा नाही. पुन्हा टक, टक, टक... त्यानं खाली बघितलं. रंगवलेला पाय टेकत होता, पण वाजत नव्हता.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं तो पाय धुतला. चुना सगळा बादलीत उतरला, ओल्या चुन्याचा वास भरून राहिला. पाय पांढराच. केस मुळापासून पांढरे.

"जैनब, हे बघ..."

"अहो, उद्या जाईल," ती म्हणाली. पण जवळ आली नाही.

गेला नाही. उलट कपाळाचा पट्टा रोज बारीक होत विझला. मग मागचे दोन्ही पाय काळे पडले, मग पुढचा डावा. आठव्या सकाळी चांदणीच्या अंगावर पांढरा उरला तो एवढा एकच पाय. असल्या घोड्याला अर्जल म्हणतात. तो ज्याच्या दारात उभा, त्याच्या घरातलं माणूस जातं, हे घोडेवाल्यांत सगळ्यांना ठाऊक. युसूफनं घोडी फुकट देऊ केली. कुणी दोराला हात लावला नाही.

नवव्या दिवशी जैनब गेली. ना ताप, ना दुखणं. मय्यतीला आंघोळ घालून बायका बाहेर आल्या. त्यांतली शेजारची शाइस्ता हळूच म्हणाली, "चाचा... उजवा हात मनगटापर्यंत पांढरा आहे. किती धुतला तरी..."

चांदणी अजून शेडमध्येच आहे. चुन्याची वाटी धरली होती त्या हाताच्या अंगठ्याचं नख परवापासून पांढरं पडलंय. ते पुढे करून युसूफ एवढंच म्हणतो, "चुकलो म्हणायला अजून आला नाही, तो रावसाहेब."